घोड्याचे बूट: काय वाचवतात, काय नाही

अंधेरी-बोरिवलीच्या मुलांनी घोडा पहिल्यांदा पाहिलेला असतो तो बहुधा जुहूच्या वाळूवर. त्यातली एखादी पुढे महालक्ष्मीला रेसकोर्सवर रीतसर रपेट शिकू लागते, आणि मग घरात विषय निघतो: घोड्याला बूट कोणते घ्यायचे? हे बूट खुराचे नव्हेत. खुराला नाल असते. बहुतेक बूट चढतात गुडघ्याखालच्या नळीवर, आणि घोटाळा सुरू होतो तिथूनच.

सर्वात चिवट गैरसमज असा, की बुटामुळे पायाला आधार मिळतो, शीर, म्हणजे कंडरा, ताणली जात नाही. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा, अस्थिबंध आणि वर कातडी. भरधाव वेगात पाच-सहाशे किलोंचं जनावर एका पायावर येतं तेव्हा खुरावरचा सांधा जवळजवळ जमिनीपर्यंत दबतो. हा भार निओप्रीनच्या पट्टीने पेलायचा, ही अपेक्षाच भाबडी. बूट वाचवतो तो ठोकरीपासून: एका पायाची नाल दुसऱ्या पायावर आपटली, उडीचा दांडा नळीवर बसला, मागचा खूर पुढच्या टाचेवर चढला, तर.

म्हणून दुकानात जाण्याआधी घोड्याचे पाय बघावेत. मागच्या सांध्याच्या आतल्या बाजूला केस झिजलेत, खपली आहे? पाय एकमेकांना घासताहेत. आतून जाड गादी असलेला ब्रशिंग बूट हवा. पुढच्या टाचेच्या मऊ भागावर काप दिसतोय? मग घंटेच्या आकाराचा रबरी बेल बूट. उड्यांच्या सरावाला पुढून उघडा, मागून कडक असा टेंडन बूट घेतात. मागच्या खुराची ठोकर कंडरेला बसू नये आणि दांड्याला लागलं की घोड्याला ते कळावंही, हा हेतू. पायांवर अशी खूण नसेल आणि काम साध्या चालीचं असेल, तर काहीच न घालणं हाही ठीक निर्णय आहे. विक्रेता तो सुचवणार नाही, एवढंच.

‘रस्ता कडक आहे, बूट घाला’ हेही ऐकू येतं. रस्त्यावरच्या गस्तीचं उदाहरण घ्या: मुंबई पोलिसांचं १९३२ साली बंद झालेलं अश्वदळ २०२० मध्ये पुन्हा उभं करायचं ठरलं. अशा गस्तीच्या घोड्याला डांबराचा दणका बसतो तो खुरातून वर. नळीवरचा बूट त्याच्या वाटेत येतच नाही. तिथे नालबंदाचा हात कामाला येतो.

‘जाड तेवढा चांगला, रात्रभर राहू दे’ हा आपल्या हवेत सर्वात महागात पडणारा समज. दौडीत कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढल्याचं मोजलं गेलं आहे. त्यावर दमट मुंबईत जाड अस्तर म्हणजे उष्णता आत कोंडणं. जुहूची वाळू बुटात शिरली तर ती सँडपेपरसारखी घासते. पावसाळ्यात ओलं अस्तर कातडी कुजवतं. काम संपलं की बूट काढावेत, पाय धुऊन कोरडे करावेत. दोन जोड असले तर एक वाळतो.

घट्टपणाबद्दल सांगायचं तर बोट सहज आत जावं, पण बूट फिरू नये. पट्ट्या बाहेरच्या बाजूला, टोकं मागे. आधी थोडा वर धरून खाली सरकवला की केस सरळ बसतात.

मापाचं मात्र जपून. मागची नळी पुढच्यापेक्षा लांब, त्यामुळे चारही पायांना एकच बूट चालत नाही. त्यात परदेशी कंपन्यांचं ‘फुल’ माप बहुतेकदा भरदार हाडाच्या युरोपीय घोड्यांचं. सडपातळ पायाच्या मारवाडीला किंवा शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडला ते ढिलं पडून खाली घसरू शकतं. टेपने गुडघ्याखालून सांध्यापर्यंतची लांबी आणि नळीचा घेर मोजावा, आणि ‘फुल’हून लहान असलेलं ‘कॉब’ माप एकदा घालून बघावं.