विरघळणारा स्टेंट: दोष हाताचा की वस्तूचा?

आता 'ॲब्सॉर्ब'कडे येऊ. हृदयाच्या धमनीत बसवायची ही पॉलिमरची जाळी साधारण तीन वर्षांत विरघळते. २०१६ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, २०१७ मध्ये विक्री थांबली. धातूच्या स्टेंटपेक्षा हिच्यात रक्ताची गुठळी जास्त वेळा होत होती. डॉक्टर म्हणाले, बसवण्याची रीत पाळा: आधी फुग्याने अरुंद जागा नीट मोकळी करा, माप अचूक घ्या, धमनी अडीच मिलिमीटरहून बारीक असेल तर नकोच, बसवल्यावर पुन्हा फुगा फुगवा. पण बेतानं हं! फार ताणलं तर जाळी मोडते. काड्या दीडशे मायक्रॉन जाड, भिंतीला टेकल्या नाहीत की रक्त अडखळतं. रीतीने धोका कमी होतो, मान्य. पण इतकी कमी चूक खपवून घेणाऱ्या वस्तूचा दोष सगळा हातावर टाकायचा? मला नाही पटत.