मॅग्नम काडतुसं : आकड्यांमागचा हिशेब

आज काडतुसांबद्दल बोलू. हत्ती, रानरेडा अशा मोठ्या जनावरांसाठी बनवलेली जाड गोळीची मॅग्नम काडतुसं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे ही गोष्ट मुख्यतः आफ्रिकेत घडते. मध्ये एकदा मात्र ती भारतात येते.

आधी शब्द. मॅग्नम हे मुळात वाइनच्या दुप्पट मापाच्या बाटलीचं नाव. नेहमीपेक्षा जास्त दारू मावणाऱ्या काडतुसालाही तेच नाव पडलं. मराठीत पिण्याची आणि उडवण्याची, दोन्ही दारूच; तेव्हा आपल्याला हे पटकन कळावं. .३७५, .४१६, .४५८ हे आकडे म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचात.

सुरुवात .३७५ एच अँड एच मॅग्नमपासून करू. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने हे १९१२ साली आणलं. ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे २५०० फूट. आज आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत धोकादायक जनावरांसाठी किमान माप म्हणून हेच धरतात.

त्याच्या एक वर्ष आधी, १९११ साली .४१६ रिग्बी आलं. नावात मॅग्नम नाही, पण ताकद .३७५ पेक्षा वरची. ४०० ग्रेनची गोळी, वेग सुमारे २४०० फूट. याची पितळी केस बघितली तर वाटतं, एवढी मोठी कशाला? १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेलं .४१६ रेमिंग्टन मॅग्नम तीच गोळी त्याच वेगाने फेकतं, आणि ते बरंच सडपातळ आहे. फरक आतल्या दाबात आहे. रिग्बीची कमाल मर्यादा चौरस इंचाला ५२,००० पाउंड, रेमिंग्टनची ६५,०००. रिग्बीच्या काळात कॉर्डाइट नावाची दारू वापरत, आणि ती उन्हात तापली की दाब वाढायचा. दाब फार वाढला की केस नळीच्या बुडाशी घट्ट अडकते, बोल्ट मागे येत नाही, दुसरा बार निघत नाही. समोर जखमी रानरेडा असेल तर यापुढचं सांगायला नको. म्हणून मोठी केस, कमी दाब. तो मोठेपणा उन्हाळ्याची सोय होती.

आता भारत. .४५० नायट्रो एक्सप्रेस हे दुनळी रायफलीचं नावाजलेलं काडतूस. पण त्याच मापाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली इथे फिरत होत्या, आणि ही काडतुसं बंडखोरांच्या कामी येतील अशी इंग्रज सरकारला धास्ती. १९०७ च्या सुमारास भारतात आणि सुदानमध्ये .४५० माप बंद झालं. मग लंडनचे कारागीर जरा सरकले : .४६५, .४७०, .४७५. आफ्रिकेत आजही मानाने मिरवणाऱ्या .४७० नायट्रो एक्सप्रेसचं भाग्य असं आपल्याकडच्या एका सरकारी बंदीने उजळलं.

दुनळी रायफल तेव्हाही महाग, आताही महाग. १९५६ साली अमेरिकेच्या विंचेस्टरने .४५८ विंचेस्टर मॅग्नम आणलं : ५०० ग्रेनची गोळी, वेग २१५० फूट, म्हणजे दुनळीच्या तोडीचं काम साध्या बोल्ट रायफलीत. कागदावर झकास. पण नेहमीच्या लांबीच्या रायफलीत बसावी म्हणून केस अडीच इंचांचीच ठेवली होती. एवढ्या जागेत लागणारी दारू दाबून भरावी लागे. दाबलेली दारू काही काळाने गठ्ठा व्हायची, नीट पेटायची नाही. जाहीर केलेला वेग बऱ्याच रायफलींतून मिळत नसे, आणि एखादा बार फारच मवाळ निघे.

जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने जबर जखमी केलं. हातात .४५८ च होती. पुढे त्याने .३७५ ची लांब केस घेऊन तीत .४५८ ची गोळी बसवली. हेच .४५८ लॉट. केस २.८ इंच, वेग सुमारे २३०० फूट, दारू कोंबायची गरज नाही. गंमत म्हणजे लॉटच्या रायफलीत विंचेस्टरचं काडतूसही चालतं. आजच्या दारवांमुळे विंचेस्टरची ती खोड बरीच गेली आहे, पण एकदा गेलेलं नाव सहज परत येत नाही.

मग सगळ्यात ताकदवान घेऊनच टाकू? .४६० वेदरबी मॅग्नम आहे ना! ५०० ग्रेन, २६०० फूट, ऊर्जा साडेसात हजार फूट-पाउंड. .३७५ ची सुमारे ४३०० आहे. पण खांद्याचं काय? साध्या थर्टी-ऑट-सिक्सच्या तुलनेत .३७५ चा धक्का साधारण दुप्पट, .४५८ चा तिप्पट, वेदरबीचा जवळजवळ पाचपट. धक्क्याची धास्ती बसली की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, नळी हलते, गोळी पोटात जाते. पोटात गोळी लागलेलं जनावर मरायला फार वेळ घेतं, आणि त्याच्या मागावर झाडीत जाणाऱ्या माग काढणाऱ्याच्या जिवावर बेततं. त्याच्या हातात बहुधा बंदूक नसते.

ऊर्जेचा आकडा आणखी एका बाबतीत फसवतो. कॅरामोजो बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे सात मिलिमीटरच्या लहान रायफलीने. त्याच्या गोळ्या अरुंद, लांब आणि पूर्ण धातूचं कवच असलेल्या; त्या न फुटता सरळ आत जात. शिवाय हत्तीच्या डोक्यात मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. त्याचं अनुकरण करायला गेलेले सगळे त्याच्यासारखे परत आले असं मात्र नाही. गोळी चुकली तर चालून येणाऱ्या जनावराला थोपवायला जाड, जड गोळीच लागते.

म्हणूनच आफ्रिकेत एक वाटणी सहसा दिसते. बाहेरून आलेल्या पाहुण्या शिकाऱ्याकडे .३७५ किंवा .४१६, कारण पहिली गोळी जागेवर बसवणं हे त्याचं काम. शेजारी उभ्या असलेल्या व्यावसायिक वाटाड्याकडे .४५८ लॉट किंवा दुनळी .४७०. त्याला बहुतेक दिवस एकही बार काढावा लागत नाही. काढावा लागला तर दहा पावलांवरून.