संगणकीय रुग्णपत्रिका : क्रम ठरवावा कोणी?

चिकित्सालयांसाठी मिळणाऱ्या अनेक संगणक-प्रणाली मुळात देयकाच्या सोयीसाठी घडविलेल्या असतात. नोंदणी, तपासणी, औषध, पैसे ही त्यांची ठरलेली वाट. आपले रुग्ण मात्र त्या वाटेने चालत नाहीत.

पंचकर्माचेच पाहावे. वमनापूर्वीचे स्नेहपान ३ ते ७ दिवस चालते. ते केव्हा थांबवावे हे सम्यक्-स्निग्ध लक्षणे ठरवितात. पुढे वमनासाठी एक व विरेचनासाठी तीन दिवसांचे अंतर. शुद्धी अवर, मध्यम की प्रवर झाली, यावर संसर्जनक्रम ३, ५ वा ७ दिवसांचा. पहिल्याच दिवशी सर्व तारखा मागणारी प्रणाली येथे केवळ गैरसोयीची नव्हे, तर अपायकारक ठरू शकते; कारण पडद्यावरील तारीख परिचारकास आज्ञाच वाटते. प्रणालीने दिवस नव्हे, लक्षण विचारावे. वैद्याने लक्षणांची नोंद केल्यावरच पुढील कर्म खुले व्हावे. क्रम बदलण्याची मुभा अवश्य असावी, मात्र कारण लिहूनच.

दशविध परीक्षेतील प्रकृती एकदा निश्चित झाली की प्रत्येक भेटीत विचारण्याचे प्रयोजन नाही. विकृती व आहारशक्ती मात्र दरवेळी नव्याने नोंदवावी लागते. हा भेद मांडणीतच हवा. शिवाय मोकळ्या लेखनास जागा हवी. कागदी केसपेपरचा समास ही काही क्षुल्लक सोय नव्हती! डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली समस्यानिहाय नोंदींचा पुरस्कार केला. त्याच धर्तीवर प्रत्येक औषध कोणत्या व्याधीसाठी वा उपद्रवासाठी दिले, हे जोडलेले असावे.

व्याधिनामांसाठी २०१७ चे 'नमस्ते' पोर्टल आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये आणलेला आयुर्वेद, सिद्ध व युनानीचा विभाग उपयुक्त आहेत. तथापि पहिल्याच भेटीत सांकेतांक सक्तीचा नसावा. निदान संशयित म्हणून ठेवता यावे, अन्यथा रकाना भरण्यापुरते निदान लिहिले जाईल.

औषधालय-चालकांचा संबंध येथेच येतो. औषधाच्या नावासह निर्माता, बॅच क्रमांक, मुदत व अनुपान रुग्णपत्रिकेत उमटले पाहिजे. रसौषधींबाबत तर हे अनिवार्यच मानावे. एखाद्या बॅचविषयी शंका आल्यास ती कोणाकोणास दिली, हे विक्रीच्या वहीवरून शोधणे दुरापास्त होते.

प्रणाली खरेदी करण्यापूर्वी विक्रेत्यास एकच काम सांगावे : स्नेहपानाच्या चौथ्या दिवशी ज्वर आला, कर्म थांबविले आणि महिन्याने पुन्हा आरंभ केला, असा रुग्ण जुनी नोंद न पुसता भरून दाखवा.