नार्नियाची पूर्वकथा : आधीं कीं मागाहून?

इंग्रजी बालवाङ्मयांत सी. एस. लुईस यांच्या नार्निया-कथांचें स्थान मोठें आहे. आपल्या शाळेंतील बऱ्याच मुलामुलींनीं त्या वाचल्या आहेत, आणि ज्यांनीं वाचल्या नाहींत त्यांनीं बहुधा त्यांवरील चित्रपट पाहिले आहेत. या कथांच्या चाहत्यांत गेलीं पुष्कळ वर्षें एक वाद चालत आला आहे. सात पुस्तकांपैकीं जें पूर्वकथेचें, त्याचा चित्रपट काढावा काय, आणि काढल्यास तो आधीं कीं मागाहून? वरवर पाहतां हा वाद क्षुल्लक वाटतो. यंदा नववीच्या वर्गांत मधल्या सुट्टींत तो इतका रंगला कीं, घंटा झालेली कोणास ऐकूं आली नाहीं. मलाही तो त्या वेळीं मिटवितां आला नाहीं. म्हणून थोड्या सवडीनें येथें त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

लुईस यांचा जन्म १८९८ सालीं बेलफास्ट येथें झाला. ऑक्सफर्ड येथें ते पुष्कळ वर्षें इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक होते. १९५० पासून १९५६ पर्यंत, दरसाल एक याप्रमाणें, नार्नियावरचीं त्यांचीं सात पुस्तकें निघालीं. पहिल्याचें नांव ‘सिंह, चेटकीण आणि कपाट’. (पुस्तकांचीं नांवें सोईसाठीं मराठींत देत आहें.) महायुद्धांत लंडनवर बॉम्ब पडूं लागल्यामुळें चार भावंडें खेड्यांतील एका वृद्ध प्राध्यापकाच्या घरीं राहावयास जातात. तें मोठें घर धुंडाळतांना धाकटी ल्यूसी कपड्यांच्या एका कपाटांत शिरते. फरचे कोट बाजूला सारीत ती पुढें जाते, तों कोटांच्या जागीं झाडांच्या फांद्या लागतात, पायाखालीं बर्फ येतें, आणि घनदाट रानांत, लंडनच्या रस्त्यावर असावा तसला एक दिव्याचा खांब जळत असलेला दिसतो. त्या देशांत चेटकिणीनें सदोदित हिंवाळा ठेविला आहे. हिंवाळा आहे, परंतु नाताळ कधीं येत नाहीं. रानांत हा खांब कोणीं रोवला, आणि साध्या कपाटाला ही शक्ति कोठून आली, याचा उलगडा त्या पुस्तकांत कोठेंही नाहीं.

खांब रानांत आला कसा, हा प्रश्न लुईस यांना त्यांचे मित्र रॉजर लॅन्सलिन ग्रीन यांनीं विचारला. लुईस यांनाही तें कोडें पडलें व त्यांनीं लवकरच पूर्वकथा लिहावयास घेतली. ती मनाजोगी जुळेना. मधल्या काळांत इतर पुस्तकें लिहून झालीं, आणि ही १९५५ सालीं सहावी म्हणून बाहेर पडली. तिच्या इंग्रजी नांवांत ‘नेफ्यू’ हा शब्द आहे. त्यावरून पुतण्या कीं भाचा हें इंग्रजी वाचकास कळत नाहीं, व त्याचें त्यावांचून अडतही नाहीं. परंतु जादूगार अँड्र्यू हा मुलाच्या आईचा भाऊ असल्यामुळें आपण ‘जादूगाराचा भाचा’ असेंच म्हटलें पाहिजे.

ज्यांनीं हें पुस्तक वाचलें नसेल त्यांनीं पुढचा परिच्छेद सोडून द्यावा हें बरें. त्यांतील गुपित फोडल्यावांचून वादाचें मर्म सांगतां येत नाहीं.

डिगरी नांवाचा मुलगा लंडनमध्यें मामा व मावशी यांच्या घरीं राहत असतो. बाप हिंदुस्थानांत, आणि आई त्याच घरांत मरणाच्या दारीं पडलेली. मामाच्या जादूच्या आंगठ्यांनीं तो व शेजारची पॉली दुसऱ्या जगांत जाऊन पोंचतात. एका ओसाड नगरींत, पॉली नको म्हणत असतां, डिगरी कुतूहलानें घंटा वाजवितो व जेडिस नांवाची निद्रिस्त राणी जागी होते. तीच पुढची चेटकीण. ती मुलांच्या पाठोपाठ लंडनला येते व तेथें दिव्याच्या खांबाचा लोखंडी दांडा मोडून घेते. दांडा तिच्या हातांत असतांनाच सर्व जणें एका अंधाऱ्या पोकळींत जाऊन पडतात. आणि तेथें अस्लान हा सिंह गाऊन नवें जग निर्माण करूं लागतो. ती सिंहाला दांडा फेंकून मारते. ती भूमि इतकी ताजी असते कीं, दांडा रुजतो आणि त्याचा खांब उगवतो! नव्या जगांत दुष्टता आणल्याबद्दल डिगरीनें दूरच्या बागेंतून एक सफरचंद आणावें, अशी अस्लानची आज्ञा होते. बागेंत चेटकीण त्याला गांठते. हें फळ आईला नेऊन दे, ती बरी होईल, असें ती सांगते. आणि तें खोटें नसतें. तरीही तो फळ आणून अस्लानच्या स्वाधीन करतो. त्या फळाचें झाड नार्नियाचें रक्षण करूं लागतें, आणि मग त्याच झाडाचें एक फळ अस्लान आपण होऊन त्याला आईसाठीं देतो. आई बरी होते. फळाचा गाभा परसांत पुरला जातो. त्याचें झाड वाढतें, पुढें वादळांत पडतें, आणि तोंवर मोठा झालेला डिगरी त्या लांकडाचें कपाट करवितो. ल्यूसी शिरली तें कपाट हेंच, आणि तो वृद्ध प्राध्यापक म्हणजे हा डिगरी.

आतां वाद. १९५७ सालीं एका अमेरिकन मुलानें लुईस यांस पत्र लिहिलें. घटना ज्या क्रमानें घडल्या त्या क्रमानें, म्हणजे ‘भाचा’ प्रथम, पुस्तकें वाचावींत असें त्याचें म्हणणें. प्रसिद्धीच्या क्रमानें वाचावींत असें त्याच्या आईचें. लुईस यांनीं मुलाच्या बाजूनें कौल दिला. मात्र आपण पुस्तकें आधीं योजून लिहिलीं नव्हतीं, आणि क्रमाला फारसें महत्त्व नसेलही, अशी पुस्ती त्यांनीं जोडली. १९९४ सालीं प्रकाशकांनीं या पत्राचा आधार घेऊन पुस्तकांचे क्रमांकच बदलले. ‘भाचा’ पहिला झाला, ‘कपाट’ दुसरें.

लेखकाच्या शब्दापुढें बोलावयास नको, असें पुष्कळांस वाटतें. मला मात्र त्या मातेचें म्हणणें अधिक पटतें. ‘कपाटां’त अस्लानचें नांव प्रथम निघतें तेव्हां, तो कोण हें त्या मुलांना तुमच्याइतकेंच ठाऊक नव्हतें, असें लेखक वाचकाला सांगतो. ज्यानें आधींच त्याला जग निर्माण करतांना पाहिलें, त्याला हें वाक्य लागूच पडत नाहीं. उलट ‘भाच्या’च्या आरंभीं, आपलें जग व नार्निया यांमधील येणेंजाणें प्रथम कसें सुरू झालें तें ही गोष्ट सांगते, असें म्हटलें आहे. नार्निया ठाऊक असलेल्या वाचकाशीं केलेलें हें भाषण आहे. खांब रुजतांना जो आनंद होतो तो ओळखीचा आनंद आहे. ज्यानें बर्फांतला दिवा कधीं पाहिलाच नाहीं त्याला तो कोठून व्हावा?

शुभवर्तमानांचेंही असेंच झालें आहे. बहुतेक पंडितांच्या मतें सर्वांत जुनें शुभवर्तमान मार्काचें. त्यांत गोठा नाहीं, तारा नाहीं, मेंढपाळ नाहींत. प्रभु प्रौढ वयांत यार्देनेवर येतो तेथून कथा सुरू होते. जन्माचा वृत्तांत मत्तय व लूक यांनीं दिला, आणि योहान तर जगाच्या आरंभापर्यंत मागें गेला. ज्याचें मरण व पुनरुत्थान लोकांनीं ऐकलें होतें, त्याच्या जन्माविषयीं त्यांनीं मागाहून विचारिलें. माणसाच्या मनाची रीत ही अशी आहे.

चित्रपटाची गोष्ट थोडी निराळी. पहिला मोठा चित्रपट डिसेंबर २००५ मध्यें आला. त्याच्या प्रारंभींच लंडनवर बॉम्ब पडतांना दाखविले आहेत. मूळ पुस्तकांत त्याला एक वाक्य पुरलें होतें. त्या चित्रपटास जगभर सुमारें ७४ कोटी डॉलर मिळाले. २००८ चा ‘राजपुत्र कॅस्पियन’ व २०१० ची ‘डॉन ट्रेडर’ गलबताची सफर यांस प्रत्येकीं ४१-४२ कोटी. उत्पन्न उतरलें, तेव्हां २०११ मध्यें निर्मात्यांचें मन पूर्वकथेकडे वळलें, आणि चाहत्यांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, कथाक्रमानें आतां ‘रुपेरी खुर्ची’ची पाळी, तिचा नायक यूस्टेस याचें काम करणारा मुलगा वाढत चालला आहे, पुस्तकांतील मुलें लेखकाच्या इच्छेनें वाढतात, नट तसे थांबत नाहींत. दुसरा म्हणे, पूर्वकथेंत जुन्या मुलांची गरजच नाहीं, आणि प्रेक्षकांना आवडलेली चेटकीण तींत परत येते. वाद चालूं असतांच हक्कांची मुदत संपली! २०१३ मध्यें ‘रुपेरी खुर्ची’ची घोषणा झाली, पण तो चित्रपट निघाला नाहीं. २०१८ मध्यें नेटफ्लिक्स या कंपनीनें सातही पुस्तकांचे हक्क घेतले. पुढें दिग्दर्शनाचें काम ग्रेटा गर्विग यांच्याकडे आलें, आणि त्यांनीं आरंभासाठीं निवडला तो ‘भाचा’च.

पूर्वकथांचे चित्रपट बहुधा कां फसतात हें उघड आहे. शेवट ठाऊक असतो, आणि उरलेली जागा भरून काढावयाची असते. टोल्किन यांच्या ‘हॉबिट’ या एका बेताच्या पुस्तकाचे २०१२ ते २०१४ या काळांत तीन लांबलचक चित्रपट झाले. ते पाहतांना मला पुष्कळदां घड्याळाकडे पाहावें लागलें. केवळ खांब कोठून आला एवढेंच सांगावयाचें असतें, तर ‘भाच्या’चीही तीच गत झाली असती.

पण लुईस यांना त्यांत दुसरें कांहीं सांगावयाचें होतें. त्यांची आई फ्लोरा ही ता. २३ ऑगस्ट १९०८ रोजीं कर्करोगानें वारली, तेव्हां ते नऊ वर्षांचे होते. तिच्या प्रकृतीस आराम पडावा म्हणून आपण कशी प्रार्थना केली, आणि ती वारल्यावर आपल्या आयुष्यांतील स्थिर सुख कसें नाहींसें झालें, हें त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत लिहिलें आहे. तें आत्मवृत्तही १९५५ सालींच प्रसिद्ध झालें. एकाच वर्षीं एका पुस्तकांत आई जाते, व दुसऱ्यांत ती उठून बसते. डिगरी अस्लानपुढें आईविषयीं बोलतो तेव्हां त्याची नजर सिंहाच्या पंजांवर असते. निराशेनें वर पाहतो तों सिंहाच्या डोळ्यांत त्याच्या स्वतःच्या आसवांहून मोठीं आसवें! सिंह त्या वेळीं कसलेंही वचन देत नाहीं. ज्या घरांत अशी प्रार्थना झाली आणि माणूस गेलें, त्या घरच्या मुलाला हें पान कोणीं समजावून सांगावें लागत नाहीं, हें मीं वर्गांत पाहिलें आहे.

म्हणून चित्रपट या पुस्तकापासून सुरू झाला याचें मला तितकेंसें वाईट वाटत नाहीं. खांबाची गंमत त्यांत निम्मी जाईल. परंतु आजारी आईच्या उशाशीं फळ घेऊन उभा असलेला मुलगा पडद्यावर नीट दिसला, तर आधींच्या एकाही चित्रपटांत नाहीं असें कांहीं प्रेक्षकांस पाहावयास सांपडेल. तेथें गडगडाट व वाद्यांचा गोंगाट केला, तर मात्र सारेंच गेलें.

ग्रंथालयांतील आपला संच नव्या क्रमाचा आहे. ‘भाच्या’च्या पाठीवर १ हा आंकडा असल्यामुळें मुलें बापडीं तेंच आधीं नेतात. ज्यांनीं तें नेलें असेल व उघडलें नसेल, त्यांनीं परत करून २ आंकड्याचें न्यावें. पालकांनीं घरीं मोठ्यानें वाचून दाखविलें तर फारच उत्तम. प्रकरणें लहान आहेत, एका संध्याकाळीं दोन सहज होतात. १ आंकड्याचें पुस्तक कपाटांत खालच्या फळीवर डावीकडे आहे. तें पुढें सावकाश न्यावें.