‘हो’ म्हणणारी मुलं

तंजावरच्या मोठ्या देवळात भिंतीवर एक लांबलचक मराठी शिलालेख आहे, सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवलेला. तो दाखवायला मी पुतणीच्या मुलाला घेऊन गेलो होतो. वय १६. बौद्धिक अक्षमता आहे. (जुन्या कागदांवर ‘मतिमंद’ लिहीत, तो शब्द आता सोडा.)

मी शिलालेख वाचण्यात गुंगलो. तेवढ्यात तीन-चार पोरांनी त्याला ‘नण्बा’, म्हणजे ‘मित्रा’ अशी हाक मारली आणि हिरवळीवर बसलेल्या एका बाईंचा फोन उचलून आणायला सांगितलं. यानं आणला. पोरं पसार, हा फोन हातात धरून हसत उभा. लोक जमले, पोलीस आला.

मी जन्मभर फौजेत चौकश्या केलेल्या. त्याच सुरात विचारलं, “तू मुद्दाम उचललास?”
“हो.”
“त्यांनी सांगितलं म्हणून?”
“हो.”
“म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं?”
“हो.”

बाई समजूतदार निघाल्या म्हणून निभावलं. पण त्या पहिल्या ‘हो’वर त्याला चोर ठरवता आलं असतं, आणि तो प्रश्न माझाच होता. अशा व्यक्ती प्रश्न नीट कळला नाही तर होकार देण्याकडे झुकतात, हे अमेरिकेत कॅरल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ सालीच दाखवलं होतं. म्हणून ‘केलंस का?’ असं विचारू नका. ‘काय झालं ते सांग’ म्हणा आणि थांबा. थांबणं मला अजून जड जातं.

सोबत्यांपुढे धाडस दाखवणं हा वयाचाच गुण आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात मोटारीच्या खेळात मित्र जवळ असताना साधी किशोरवयीन मुलंही जास्त धोका पत्करत होती. आपल्या मुलांना पुढचा परिणाम चटकन दिसत नाही, आणि मित्र म्हणणारं कुणी क्वचितच भेटतं. मग त्या एका हाकेसाठी ती काहीही करतात.

पुतणीनं त्याचं बाहेर जाणंच बंद केलं. मला ते पटलं नाही. कोंडून ठेवलेल्या मुलाला पुढचा ‘नण्बा’ आणखी प्यारा होतो. शिवाय सोबत्यांकडून चांगलंही उचललं जातं. बुटाची नाडी मी दोन वर्षं शिकवत होतो. शाळेतल्या मित्राचं बघून तो आठवड्यात शिकला. स्पेशल ऑलिंपिक्सच्या ‘युनिफाइड’ खेळांत अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात असतात, ते यासाठीच मोलाचं.

इशिता खेमका आणि लिंडा हिक्सन यांनी अशा विद्यार्थ्यांसाठी सोबत्यांच्या दबावाला तोंड द्यायचा अभ्यासक्रम केला. गोष्ट सांगायची, मग अडचण काय, काय काय करता येईल, केलं तर काय होईल, आणि मग ठरवायचं. २०१६ च्या त्यांच्या अभ्यासात शिकवलेली मुलं न शिकवलेल्यांपेक्षा बरे निर्णय घेताना दिसली.

आम्ही घरी त्याची रंगीत तालीम करतो. वाईट मित्र मी. “नण्बा, आईच्या पर्समधले पन्नास रुपये आण.” पहिले काही दिवस तो धावत जाऊन आणायचा. आता थांबतो, आईकडे बघतो आणि म्हणतो, “आधी विचारतो.” माझ्यासमोर म्हणतो, अनोळखी पोरांसमोर म्हणेल का, ते पाहायला पुढच्या शनिवारी पुन्हा देवळात जाणार आहोत. या वेळी मी शिलालेखाकडे पाठ करून बसेन.