आकडा मोठा, वाट बंद

१९७० साली बेल्जियममधल्या शिल्डे इथं आर्शाक पेट्रोस्यान आणि लास्लो हझाई यांच्यात एक डाव झाला. हा पेट्रोस्यान म्हणजे जगज्जेता टिग्रान नव्हे, त्याच आडनावाचा दुसरा आर्मेनियन खेळाडू. हझाई हंगेरीचा. पंचेचाळिसाव्या चालीला काळी मोहरी घेऊन बसलेला हझाई पुरता अडचणीत होता. पटावर प्याद्यांचा गच्च गुंता झालेला. पांढरा सावकाश, कसलीही घाई न करता, त्याचं ए-पट्टीतलं प्यादं गिळणार हे उघड दिसत होतं, आणि उलट हल्ला करायला कुठं जागाच नव्हती. अशा वेळी हझाईनं आपला वजीर उचलला आणि बी६ या घरात, थेट पांढऱ्या घोड्याच्या माऱ्यात नेऊन ठेवला.

पेट्रोस्याननं शह देत वजीर मारला. कोण मारणार नाही? काळ्यानं सी-पट्टीतल्या प्याद्यानं घोडा परत घेतला आणि मग खरा डाव उघडा पडला. आता काळ्याचं एच-प्यादं एक घर पुढं सरकलं की सगळ्या प्याद्यांची एकसंध भिंत होणार होती. पांढऱ्याच्या ते लक्षात आलं. त्यानं कोंडी फोडायला आपलं एच-प्यादं एच४ला ढकललं. काळ्यानं ते जी-प्याद्यानं मारलं. पांढऱ्याचा वजीर डी२ला आला. मग काळ्यानं तेच प्यादं एच३ला पुढं टाकून दिलं, पांढऱ्याला ते घ्यावं लागलं, आणि मागून दुसरं प्यादं एच४ला येऊन बसलं. खिट्टी पडली! पांढऱ्याकडे अख्खा वजीर, पण त्याला आत शिरायला एक फट उरली नाही. काळ्यानं नुसता राजा इकडून तिकडे हलवत राहायचं. आणखी सहा चाली दोघं तसेच फिरले आणि बरोबरी मान्य केली.

हा डाव मी किती जणांना मांडून दाखवला असेल, त्याला गणती नाही. आमच्या वडवणीत बुद्धिबळाचा पट पसरला की माझ्याकडून तो मांडला जातोच. त्याचं कारण असं, की बुद्धिबळाची संगणकीय इंजिनं कुठं चाचपडतात हे समजून घ्यायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

इंजिनांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगून टाकतो. इंजिन दोन कामं करतं: पुढच्या चालींचा वृक्ष धुंडाळतं आणि फांदीच्या टोकाशी पोचलं की त्या स्थितीला एक आकडा देतं. अधिक तीन म्हणजे पांढरा सुमारे तीन प्याद्यांनी वरचढ, उणे तीन म्हणजे काळा. १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लूनं कास्पारोव्हला सामन्यात हरवलं. २००८ साली स्टॉकफिश आलं. २०१७च्या डिसेंबरात न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या अल्फाझिरो इंजिनाच्या निकालांनी खळबळ उडवली: स्टॉकफिशविरुद्ध शंभर डावांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या, पराभव एकही नाही. २०२० साली स्टॉकफिशनंही मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क स्वीकारलं. आज खिशातल्या फोनवरचं इंजिन जगज्जेत्याला सहज हरवतं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझा जीव अडकला आहे तो त्या आकड्यात.

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी आहेत. देशी पद्धतीचा डाव खेळत मोठे झालेले, फोनवर कधी खेळत नाहीत. एकदा एका दुकानाच्या ओट्यावर मी हझाईची ती शेवटची स्थिती मांडली होती. शेजारी कॉलेजात जाणारा एक मुलगा होता. त्यानं जुन्या फोनवरच्या इंजिनात स्थिती भरली आणि म्हणाला, “सर, पांढरा जिंकायलाय. आकडा लई मोठा दाखवतंय.”

गुरुजींनी पटावरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्याद्याला प्यादं कसं भिडलंय ते बघत. मग म्हणाले, “बरं, जिंकू दे. पण आत शिरायचं कुठून, ते विचार की त्याला.”

मुलानं फोनकडे पाहिलं. इंजिन वजीर डी२वरून सी१ला नेत होतं, सी१वरून परत डी२ला. आकडा तसाच.

गुरुजींच्या प्रश्नात सगळं आलं. आपल्या मराठवाड्यात गावोगावी पांढऱ्या मातीच्या जुन्या गढ्या आहेत. बाहेर हजाराची फौज उभी असली आणि दरवाजा आतून लागलेला असला, तर फौजेची शिरगणती करून गढीचं भवितव्य सांगता येत नाही. बुद्धिबळात अशा स्थितीला मी तटबंदी म्हणतो. इंजिन शिरगणतीत तरबेज आहे. दरवाजा कधीच उघडणार नाही, हे त्याला कळत नाही, कारण ‘कधीच’ ही गोष्ट चाली मोजून हाती येत नाही. तीस चाली पुढं पाहिलं तरी एकतिसावी उरते. माणूस चाली मोजतच नाही. तो भिंत पाहतो, भिंतीत फट नाही हे एकदा पडताळतो आणि मोकळा होतो.

मोजूनच उत्तर काढायचं तर सगळ्या शक्यता संपवाव्या लागतात. तेही झालं आहे, पण मोहरी मोजकी असतील तेवढंच. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या अंत्यस्थितींचे कोष आज तयार आहेत. त्यात एक अशी स्थिती निघाली, जिथं बिनचूक खेळूनही मात व्हायला ५४९ चाली लागतात. कुठल्याही माणसाला ती उकलणार नाही. तिथं यंत्रापुढं हात जोडावेत. पण तटबंदीत प्याद्यांचीच गर्दी असते. सातच्या हिशेबात ती बसत नाही.

वजिराविरुद्ध नुसत्या हत्तीच्या जोरावर टिकाव धरल्याची उदाहरणंही आहेत. १९९७ साली वाइक आन झेमध्ये सालोव्हनं कोर्चनॉयविरुद्ध तसाच डाव वाचवला. दोघांची प्यादी सारखी, कोर्चनॉयकडे वजीर, सालोव्हकडे हत्ती. सालोव्हनं हत्ती पाचव्या ओळीत रोवून कोर्चनॉयच्या काळ्या राजाची वाट अडवली, आणि वजिरानं हत्तीवर दुहेरी मारा साधू नये किंवा हत्तीसाठी वजीर देऊन काळ्यानं डाव सोपा करू नये, एवढीच काळजी घेत राहिला. बरोबरी झाली.

तटबंदी न ओळखण्याच्या यंत्राच्या दुखण्यावर कोणी बोट ठेवलं असेल तर ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरानं. २००८ साली त्यानं त्या काळच्या सर्वांत बलाढ्य रिब्का इंजिनाशी इंटरनेटवर झटपट डाव खेळला. पट कुलूपबंद केला आणि तो नुसती मोहरी मागंपुढं करत बसला. पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि एकही मोहरं मारलं गेलं नाही, तर बरोबरी मागता येते. रिब्काच्या हिशेबानं ती स्वतः वरचढ होती, मग बरोबरी कशी पत्करणार? ती टाळायला तिनं आपणहून काही देऊन टाकलं, कुलूप स्वतःच्याच हातानं काढलं आणि २७१ चालींत हरली. ज्याला बरोबरी दिसत होती तो शांत होता, आणि जिला विजय दिसत होता ती बुडाली. याच्या मुळाशी असलेल्या दोषाला हान्स बर्लिनरनं १९७०च्या दशकातच क्षितिज-परिणाम असं नाव दिलं होतं. आलेलं संकट चार चाली पुढं ढकललं आणि नजरेआड केलं, की यंत्राला ते टळल्यासारखं वाटतं.

२०१७ साली गणिती रॉजर पेनरोज यांच्या संस्थेनं अशीच एक स्थिती लोकांपुढं ठेवली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि चक्क तीन उंट, पण तिन्ही उंट काळ्या घरांवरचे. पांढऱ्याकडे राजा आणि थोडी प्यादी. पांढऱ्यानं राजा पांढऱ्या घरांवरून फिरवत ठेवला की उंट त्याला शिवू शकत नाहीत, आणि वजीर-हत्ती प्याद्यांच्या मागं कोंडलेले. यंत्र म्हणालं, काळा जिंकतोय. मानवी जाणीव संगणकाच्या गणनेत बसत नाही, या आपल्या जुन्या प्रतिपादनाला पेनरोज यांनी ही स्थिती जोडली. पेनरोज यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, २०२० साली त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा मला घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता. पण हे मला पटत नाही. आकडा चुकला म्हणून चाल चुकतेच असं नाही. पांढऱ्याच्या बाजूनं बसवलं तर तेच इंजिन राजा मुकाट फिरवून बरोबरी करतं. शिवाय तटबंदी ओळखण्यासाठी स्टॉकफिशमध्ये फेरफार करून क्रिस्टल नावाचं इंजिन लोकांनी बनवलंच आहे. म्हणजे अडचण जाणिवेची नाही. काय शोधायचं हे कोणीतरी सांगावं लागतं, एवढंच.

तटबंदीखेरीज दुसरी एक जात आहे. तिथं यंत्राला बरोबर चालच सुचत नाही. लिनारेस, १९९८: टोपालोव्ह विरुद्ध शिरोव. पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२ आणि एच४. काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. चाल काळ्याची. काळ्याकडे दोन प्यादी जास्त, पण उंट विरुद्ध रंगाचे, म्हणजे सहसा बरोबरी. काळ्या राजाला ई४ गाठायचं आहे आणि पांढरा राजा एफ२वरून ई३ला येऊन तीच वाट अडवायला निघणार. शर्यत एका चालीची. शिरोवनं उंट एच३वर टाकला. फुकट! पांढऱ्यानं मारला नाही तर जी२चं प्यादं जातं. मारला तर काळा राजा एफ५, पांढरा राजा एफ२, काळा राजा ई४, एक पाऊल आधी. पुढं पांढऱ्या उंटानं एफ६चं प्यादं खाल्लं, काळ्यानं डी-प्यादं पुढं काढलं, राजा डी३, सी४, बी३ असा चालत गेला आणि टोपालोव्हनं हार मानली. एकट्या उंटाला ए आणि डी या दोन पट्ट्यांवरची प्यादी थोपवणं शक्यच नव्हतं. बरीच वर्षं इंजिनं या चालीकडे ढुंकून पाहत नसत. अख्खा उंट देऊन एक पाऊल विकत घेणं हे हिशेबात फारच वाईट दिसतं, आणि वाईट दिसणाऱ्या फांद्या वेळ वाचवण्यासाठी आधी छाटल्या जातात. आजची ताकदवान इंजिनं वेळ दिला तर तिथवर पोचतात. शिरोव घड्याळ चालू असताना पोचला होता.

याच छाटणीची दुसरी युक्ती अशी: आपण चाल न करता पाळी सोडून दिली तरी आपली बाजू भक्कम राहते का, हे इंजिन आधी तपासतं. राहत असेल तर ती फांदी पुढं खोदायची गरज नाही. एरवी हे चोख चालतं. पण काही अंत्यस्थितींत पाळी येणं हीच शिक्षा असते. जी चाल कराल ती घात करते. तिथं ही युक्ती नेमकी उलटी पडते, म्हणून राजा आणि चार प्यादी उरली की इंजिनांना ती जपून वापरावी लागते.

आता माझ्या आवडत्या आडवाटेला वळतो. गुरुजी ज्या पद्धतीनं खेळतात त्या देशी डावात प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं जात नाही, किल्लेकोट नाही, प्यादं शेवटच्या घरी पोचलं की ज्या पट्टीत पोचलं तिथलं मोहरं होतं. आणि दोन गोष्टी फार सुंदर आहेत. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा उघडा पाडला तर ती बुर्जी. तो पूर्ण विजय नव्हे. आणि प्याद्यानं केलेली मात, प्यादेमात, हिची प्रतिष्ठा मोठी. म्हणजे या खेळात हावरटपणाला नियमानंच लगाम घातलेला आहे. शेवटचं मोहरं मारण्याची चाल इंजिनाला सोन्यासारखी दिसेल, पण गुरुजींच्या पटावर तिनं हातातला विजय निसटतो. ते समोरचा एखादा घोडा मुद्दाम जिवंत ठेवतात, त्याला चुकवत चुकवत प्यादं पुढं आणतात आणि वजिरानं चार चाली आधीच होणारी मात सोडून देतात.

ही परंपरा आपल्या दाराशी किती रुजलेली आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. सतराव्या शतकातला नीलकंठभट्ट काशीचा, पण त्याच्या भट्ट घराण्याचं मूळ पैठणचं. पणजोबा रामेश्वरभट्ट तिथून काशीला गेले. त्याचा ‘व्यवहारमयूख’ पुढं मुंबईच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधार ठरला, म्हणून वकिलांना तो माहीत असतो. तो ज्या ‘भगवंतभास्कर’ ग्रंथाचा भाग, त्याच्याच ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचं प्रकरण आहे आणि घोडा साऱ्या घरांतून एकेकदा फिरवण्याची रीतही आहे, हे मात्र बुद्धिबळवाल्यांनाही ठाऊक नसतं. १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर मुंबईत छापलं गेलं, त्यात अवघड स्थितीच मांडलेल्या आहेत. आणि १८७१ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या हरिकृष्ण व्यंकटराम यांनी ‘क्रीडाकौशल्य’ लिहिलं, त्यातही बुद्धिबळ आहे. वडवणीहून बीड, गेवराई करत पैठणला जाताना दर वेळी माझ्या मनात येतं, की नाथांच्या पैठणाला हाही एक मान आहे.

नियम बदलून शिकवता येणारी इंजिनं आज आहेत. फेअरी-स्टॉकफिश हे त्यातलं नावाजलेलं. कुणीतरी त्याला बुर्जी आणि प्यादेमात शिकवावी आणि जुन्या ग्रंथांतल्या स्थिती त्याच्यापुढं मांडाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. संगणक शिकणारी कितीतरी पोरं आता आपल्या तालुक्यातही आहेत.

तोवर फोनवर अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी एक व्यवहारातली खूण. इंजिननं मोठा आकडा दाखवला की त्याच्याच सुचवलेल्या चाली दोन्ही बाजूंनी वीसेक वेळा खेळून बघा. विजय खरा असेल तर आकडा चढत जातो, मोहरी सरकतात, प्यादं पुढं पडतं. आकडा जागचा हलला नाही आणि वजीर त्याच दोन-तीन घरांत येरझाऱ्या घालू लागला, तर फोन बाजूला ठेवा आणि भिंतीवरून बोट फिरवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हझाईची स्थिती आणि शिरोवची स्थिती अशा दोन्ही लागोपाठ मांडल्या तर फरक लगेच कळतो: शिरोवच्या चालीनंतर आकडा हळूहळू काळ्याकडे झुकतो, हझाईच्या स्थितीत तो तसाच राहतो.