परदेशी बदली आणि मुलांची शाळा : आधी परतीचा रस्ता बघा

आजचा विषय बऱ्याच श्रोत्यांनी सुचवला होता. घरात कुणाला तरी परदेशात नोकरी लागते, दोन महिन्यांत निघायचं असतं, आणि व्हिसा, घरभाडं, सामानसुमान या सगळ्याच्या वर एक प्रश्न येऊन बसतो : मुलांच्या शाळेचं काय? त्याचं ठरलेलं उत्तर असतं, "एखादी चांगली इंटरनॅशनल स्कूल बघू." हे उत्तर अपुरं का आहे आणि पुरं कसं करायचं, ते आज आपण बघू. उदाहरण मुख्यतः दुबईचं घेऊ. तिथे मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन, आयबी अशा सगळ्या तऱ्हेच्या शाळा एकाच शहरात आहेत.

आधी शब्दाचा अर्थ लावू. १९२४ साली जिनिव्हात राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी एक शाळा निघाली. आईवडील आज इथे, उद्या दुसऱ्या देशात. मग मुलांनी परीक्षा कुठल्या देशाची द्यायची? या अडचणीतून पुढे १९६८ साली जिनिव्हातच आयबी ही संस्था उभी राहिली. म्हणजे 'आंतरराष्ट्रीय शाळा' ही सोय मुळात सतत देश बदलणाऱ्या कुटुंबांसाठी होती. आज मात्र हा शब्द कितीतरी शाळांच्या पाटीवर दिसतो. पुण्यात सीबीएसईच्या शाळांवरही 'इंटरनॅशनल' लिहिलेलं आपण बघतोच. म्हणून पाटी सोडा आणि थेट विचारा : इथे शेवटची परीक्षा कुठली असते, आणि ती पास झालेलं मूल पुढे कुठे जाऊ शकतं?

आमचं आजचं मुख्य म्हणणं हेच आहे. शाळेत शिरायचं दार बघण्याआधी बाहेर पडायचं दार बघा. त्यासाठी तीन प्रश्न. आपण किती वर्षांसाठी चाललोय? परत येऊ तेव्हा मूल कितवीत असेल? आणि अठराव्या वर्षी ते कुठल्या देशात शिकत असेल, असा आपला आजचा अंदाज आहे?

एक कुटुंब कल्पनेत घेऊ. पुण्यातले आईवडील, मोठी मुलगी नुकतीच सातवी पास झालेली, धाकटा मुलगा बालवाडीत. दुबईचा करार तीन वर्षांचा. मुलगी म्हणते, डॉक्टर व्हायचंय.

धाकट्याचं सोपं आहे. तीन वर्षांनी तो दुसरी-तिसरीत असेल. या वयात कुठलाही अभ्यासक्रम चालतो, परत आल्यावर मूल सहा महिन्यांत रुळतं. त्याच्यासाठी शाळा घराजवळ आहे का, वर्गात मुलं किती, शिक्षक टिकतात का, एवढंच बघा. बसमध्ये रोज दीड तास घालवण्यापेक्षा जवळची साधी शाळा बरी.

मुलीचं मात्र तसं नाही. तिची तीन वर्षं म्हणजे आठवी, नववी, दहावी. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास झालेली असावी लागते. बोर्ड कुठलंही चालतं, पण शाळा राज्यातली हवी. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत. बाकीच्यांना हा नियम लागतो. म्हणजे मुलीने दुबईत दहावी दिली, तर कितीही गुण मिळोत, राज्य कोट्याचं दार तिच्यासाठी बहुधा बंद होतं. ही गोष्ट सातवीत कळली तर उपाय असतो. बारावीत कळली तर नसतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे नियम वेगळे आणि थोडे सैल आहेत. म्हणून ज्या शाखेत जायचंय तिची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मग या मुलीने काय करावं? एक वाट अशी : दुबईत सीबीएसईच्या शाळेत आठवी-नववी करायची आणि दहावीसाठी पुण्यात सीबीएसईच्याच शाळेत यायचं. इथे एक बारकावा आहे. सीबीएसई मुलांची नोंदणी नववीत आणि अकरावीत करते. दहावीत किंवा बारावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही. पालकांच्या बदलीमुळे, त्याच बोर्डाच्या शाळेतून आणि बोर्डाच्या परवानगीने तो मिळू शकतो. म्हणून ही वाट धरायची तर नववी सीबीएसईतच व्हायला हवी. दुसरी वाट म्हणजे आई किंवा वडिलांनी मुलांना घेऊन एक वर्ष आधी परतायचं. तिसरी वाट म्हणजे राज्य कोट्याचा विचार सोडून अखिल भारतीय कोटा, खाजगी कॉलेज किंवा परदेशातलं शिक्षण धरून चालायचं. तिन्ही वाटा चालतात. फक्त निवड आधी व्हायला हवी, आणि ती मुलीला समजावून सांगून व्हायला हवी.

आता समजा त्यांनी ब्रिटिश शाळा निवडली. तिथे इयत्तांचे आकडे एकाने पुढे असतात. आपली आठवी म्हणजे त्यांचं 'इयर नाइन'. दुबईत भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, ब्रिटिश आणि आयबी शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, ऑगस्टअखेरीस. पुढे आयजीसीएसई हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो. पहिल्या वर्षाच्या मध्यात करार संपला तर मूल अर्ध्यात लटकतं, कारण कुठल्याच बोर्डाचा अर्धा अभ्यासक्रम दुसरीकडे मोजला जात नाही. आणि परीक्षा मे-जूनमध्ये झाली, तर निकाल ऑगस्टमध्ये लागतो. तोवर इथे अकरावीच्या प्रवेशाची धावपळ बरीच पुढे गेलेली असते.

आयबी डिप्लोमाबद्दल श्रोते हमखास विचारतात. हा शेवटच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सहा विषय, प्रत्येकाला सातपैकी गुण, आणि दीर्घ निबंध वगैरे कामाचे तीन, असे एकूण ४५. डिप्लोमासाठी किमान २४ लागतात. जगभरची विद्यापीठं तो मानतात, आणि आपल्याकडे भारतीय विद्यापीठ संघही त्याला समकक्ष मानतो. मग अडचण कुठे येते? विषयांच्या रचनेत. दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा विषय कला किंवा त्याऐवजी आणखी एखादा. म्हणजे नेहमीच्या साच्यात विज्ञानाचे दोनच विषय बसतात. नीटसाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. तिसरं विज्ञान घ्यायचं तर शाळेमार्फत खास परवानगी काढावी लागते, आणि सगळ्या शाळा त्या फंदात पडत नाहीत. भारतात डॉक्टर व्हायचं ठरलेलं असेल, तर हा प्रश्न अकरावीला विषय निवडताना नको, प्रवेश घेतानाच विचारा. उलट मूल पुढे युरोप-अमेरिकेतच शिकणार असेल, तर आयबीसारखा अभ्यासक्रम त्याला उत्तम तयार करतो. आयबी चांगलं की वाईट हा वादच नाही. ते कुणाला उपयोगी पडेल, एवढंच बघायचं आहे.

शाळेचा दर्जा कसा ओळखायचा? दुबईत हे काम बऱ्यापैकी सोपं आहे. तिथल्या खाजगी शाळांवर देखरेख करणारं केएचडीए नावाचं सरकारी प्राधिकरण आहे. २००८ पासून ते शाळांच्या तपासण्यांचे अहवाल प्रसिद्ध करत आलंय. सर्वोत्तम, खूप चांगली, चांगली, स्वीकारार्ह, कमकुवत अशा श्रेण्या असतात. पण नुसती श्रेणी वाचून थांबू नका. अहवालाची तारीख बघा, कारण कोविडच्या काळात आणि २०२४-२५ मध्ये नेहमीच्या तपासण्या झाल्या नाहीत. आणि आपल्या मुलाच्या टप्प्यापुरता भाग वाचा. एखाद्या शाळेचा प्राथमिक विभाग उत्तम आणि वरचे वर्ग मध्यम, असं असू शकतं.

फीचंही तसंच. मंजूर फी प्राधिकरणाकडे जाहीर असते. साध्या भारतीय शाळेत ती वर्षाला काही हजार दिरहम, तर वरच्या ब्रिटिश किंवा आयबी शाळेत एक लाख दिरहमच्याही वर. त्यावर बस, गणवेश, पुस्तकं, लॅपटॉप वेगळे. वरच्या इयत्तांत फी वाढते, म्हणून आजचा आकडा पाहू नका, शेवटच्या वर्षाचा पाहा. कंपनी फी देत असेल तर किती मुलांची, कुठल्या मर्यादेपर्यंत, आणि नोकरी मध्येच गेली तर त्या वर्षाची उरलेली फी कोण भरणार, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी आश्वासन फी भरायच्या दिवशी कामाला येत नाही.

दुबईत परदेशी कुटुंबांसाठी सरकारी शाळा हा फारसा पर्याय नाही. सगळीकडे तसं नसतं. जर्मनीत स्टुटगार्टला गेलात तर सरकारी शाळा मोफत आहे, आणि नव्याने आलेल्या मुलांसाठी जर्मन शिकवणारे तयारीचे वर्ग असतात. पण त्या राज्यात चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. सहा वर्षांचं मूल भाषा उचलतं आणि वेळेवर पोचतं. दहा-अकरा वर्षांचं मूल नेमकं त्या वळणावर भाषेशिवाय उभं राहतं. म्हणजे तिथेही उत्तर वय आणि मुक्काम यांवरच ठरतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. निघण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद घ्या. कुठल्या कागदावर कुणाकुणाचे प्रमाणीकरणाचे शिक्के लागतात ते नव्या शाळेकडून लेखी मागवा. तिकडे पोचल्यावर इथले शिक्के मिळवणं फार जिकिरीचं होतं.

एका श्रोत्या ताईंनी विचारलंय, मराठीचं काय? परत यायचं असेल तर हा प्रश्न भावनेपुरता राहत नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. तीन वर्षं मराठी न वाचलेलं मूल सहावीत येऊन बसलं की त्याला या एकाच विषयाची धास्ती बसते. शाळा हे काम करणार नाही, ते घरातच करावं लागेल. रोज वीस मिनिटं वाचन आणि आठवड्याला आजीला एक पत्र, हाताने लिहिलेलं. एवढ्यावर भाषा टिकते.

शेवटी घरी करायचं एक काम सांगतो. एक कागद घ्या. डावीकडे पुढची दहा वर्षं लिहा, समोर प्रत्येक मुलाची इयत्ता लिहा. करार संपण्याच्या वर्षावर एक रेघ मारा, आणि तो दोन वर्षांनी वाढला तर, म्हणून दुसरी रेघ मारा. यातली एखादी रेघ नववी ते बारावीच्या मध्ये पडत असेल, तर आधी त्या मुलाची शाळा ठरवा आणि मग घर शोधा. रेघ तिथे पडत नसेल, तर निवांत राहा आणि घराजवळची शाळा बघा.